‘तांत्रिक कारण’ नावाची पळवाट : न्यूयॉर्क, १७९२

न्यूयॉर्क राज्याच्या १७९२ सालच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीविषयी दोन ओळी लिहिण्याचा प्रसंग आला की एक शब्दप्रयोग हमखास अवतरतो : ‘तांत्रिक कारणावरून’. तीन काउंट्यांची मते तांत्रिक कारणावरून बाद ठरली, जॉर्ज क्लिंटन १०८ मतांनी विजयी झाले, आणि लेखक पुढच्या विषयाकडे वळतो. प्रस्तुत लेखाचे भांडण या शब्दप्रयोगाशी आहे. ‘तांत्रिक’ म्हटले की निर्णय घेणारा माणूस दृष्टीआड होतो. जणू एखाद्या यंत्राचा दात मोडला आणि मते आपोआप खाली सांडली. प्रत्यक्षात त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये काही माणसे एका खोलीत बसली होती, त्यांच्यासमोर एक संहिता होती, आणि त्यांनी ती संहिता एका विशिष्ट रीतीने वाचली. त्या वाचनाचा लाभ कोणाला होणार हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. संहितेचे वाचन हा ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आपल्यासारख्या मंडळींनी तरी हा शब्द विनातक्रार गिळू नये.

प्रथम पात्रपरिचय. जॉर्ज क्लिंटन हे १७७७ पासून, म्हणजे राज्य जन्माला आल्यापासून, सलग गव्हर्नर होते. छोटे शेतकरी, स्वातंत्र्ययुद्धातले सैनिक, नव्या केंद्रसत्तेविषयी साशंक असलेले लोक हा त्यांचा पाया. १७७७ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांनी फिलिप स्कायलर या बड्या जमीनदाराला हरवले, तेव्हा स्कायलर यांनी एका पत्रात कुरकुर केली होती, की क्लिंटन यांचे घराणे आणि नातीगोती इतक्या मोठ्या पदाला साजेशी नाहीत. हे पत्र ज्यांना लिहिले ते जॉन जे. तेच १७९२ मध्ये क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी होते. (हे आडनाव मराठी वाक्यात आले की सर्वनामाशी गल्लत होते, म्हणून पुढे सर्वत्र पूर्ण नावच लिहितो, वाचकांनी सोसून घ्यावे.) जॉन जे तेव्हा अमेरिकेचे सरन्यायाधीश होते आणि ते पद न सोडताच गव्हर्नरपदासाठी उभे होते. आज आपल्याला हे चमत्कारिक वाटेल; तेव्हाही काहींना वाटले असणार, परंतु कायद्याने अडवले नव्हते. हॅमिल्टन आणि मॅडिसन यांच्यासह ज्यांनी ‘फेडरलिस्ट’ निबंध लिहिले ते हेच. आणखी एक गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे : न्यूयॉर्कच्या १७७७ च्या राज्यघटनेचा मसुदा मुख्यतः त्यांच्याच हातचा होता. ज्या कलमाच्या आधाराने त्यांच्या बाजूची मते बाद करण्यात आली, ते त्याच घटनेतले.

मतदान कसे होई ते नीट पाहिल्याखेरीज पुढचा सारा वाद हवेत राहील. गव्हर्नर आणि सिनेटसाठी मत देण्याचा हक्क फक्त शंभर पौंड किमतीची स्वतःची, कर्जमुक्त जमीन असणाऱ्याला. एप्रिलअखेरीस गावोगाव मतदान होई. मतदार चिठ्ठी टाकी. परंतु चिठ्ठ्या गावात मोजल्या जात नसत. गावचे निरीक्षक त्या पेटीत बंद करून काउंटीच्या शेरीफकडे देत. शेरीफने त्या पेट्या राज्याच्या सचिवाच्या कचेरीत पोहोचवायच्या. आणि तिथे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नेमलेल्या बारा जणांच्या समितीने त्या उघडून मोजायच्या. म्हणजे मतदार आणि मोजणी यांच्यामध्ये शेकडो मैलांचे जंगल, चिखलाचे रस्ते, आणि एक शेरीफ. त्या एका माणसाच्या कपाळावर सही-शिक्का आहे की नाही, यावर अख्ख्या काउंटीचे मत टांगलेले.

ऑट्सेगो ही काउंटी नवीन होती. १७९१ मध्ये स्थापन झालेली. तिचा पहिला शेरीफ रिचर्ड स्मिथ. शेरीफची नेमणूक वर्षाची असे. त्याची मुदत फेब्रुवारी १७९२ मध्ये संपली. नवा शेरीफ, बेंजामिन गिल्बर्ट, नेमला गेला तो मार्च महिना संपता संपता; आणि मतपेट्या गोळा झाल्या तेव्हा त्याने पदाची शपथ घेतलेली नव्हती. दरम्यान स्मिथ काम पाहतच होता. शिवाय तो नगराचा पर्यवेक्षक म्हणून निवडून आला होता आणि शेरीफने दुसरे पद धारण करू नये असे घटनेत लिहिले होते. त्याने पेट्या स्वीकारल्या आणि आपल्या प्रतिनिधीमार्फत पुढे धाडल्या. टायोगा काउंटीत वेगळीच गंमत झाली. शेरीफने नेमलेला माणूस पेटी घेऊन निघाला, वाटेत आजारी पडला, आणि पेटी दुसऱ्याच्या हातून पोहोचली. तिसऱ्या काउंटीत शेरीफने पेटी ज्याच्या हाती दिली, त्याच्याजवळ लेखी अधिकारपत्र नव्हते. या तिसऱ्या काउंटीचे नाव क्लिंटन. गव्हर्नरांच्याच नावाची ही काउंटी. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण त्याला ‘जरा अतीच झाले’ म्हणालो असतो.

तीनही ठिकाणी कोणाची तक्रार अशी नव्हती की पेटी फोडली, चिठ्ठ्या बदलल्या, कुणी खोटी मते घुसडली. पेटी आली, सीलबंद आली, वेळेत आली. आक्षेप एवढाच, की आणणारा हात योग्य नव्हता.

आता समितीकडे वळू. निर्णयात अकरा जणांची नावे दिसतात. सात जणांनी तीनही काउंट्यांच्या पेट्या बाद ठरवल्या. चौघांनी लेखी विरोध नोंदवला. सातही जण क्लिंटन यांच्या गोटातले. या सातांत पिअर व्हॅन कोर्टलंड धाकटे होते. त्यांचे वडील क्लिंटन यांच्याच जोडीने लेफ्टनंट गव्हर्नरपदाचे उमेदवार. म्हणजे मुलगा वडिलांच्या मतपेट्या तपासत होता, आणि कोणत्या उघडायच्या नाहीत हे ठरवत होता. शेरीफने दुसरे पद धारण करण्याविषयी इतका सोवळेपणा, आणि मुलाने बापाचा निकाल लावण्याविषयी अवाक्षर नाही! उरलेल्या सर्व काउंट्यांची मोजणी झाली : क्लिंटन ८,४४०, जॉन जे ८,३३२. ऑट्सेगोत जॉन जे यांना चारशेच्या आसपास मताधिक्य असावे असा तेव्हाचा सर्वसाधारण अंदाज होता. तो निम्म्याने चुकीचा धरला तरी निकाल फिरतो.

या सातांतल्या आणखी एका नावापाशी मला थांबावेसे वाटते : मेलँक्टन स्मिथ. शेरीफ स्मिथशी त्याचा संबंध नाही. १७८८ मध्ये पोकीप्सी येथे न्यूयॉर्कच्या अधिवेशनात संघराज्याच्या नव्या घटनेवर चर्चा झाली, तेव्हा हॅमिल्टन यांच्यासमोर उभा राहून या माणसाने प्रतिनिधित्वाविषयी जे विचार मांडले, ते आजही वाचण्यासारखे आहेत. प्रतिनिधी हा ज्यांचे प्रतिनिधित्व करतो त्यांच्यासारखा असावा, त्यांच्या सुखदुःखाशी परिचित असावा, मध्यम स्थितीतल्या शेतकऱ्याला सभागृहात जागा असावी, हा त्याचा आग्रह. लोकशाहीच्या विचारविश्वात त्याचे स्थान मला मोलाचे वाटते. आणि तोच माणूस चार वर्षांनी जंगल तोडून वसाहत करणाऱ्या शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या न उघडता बाजूला सारतो. तो लबाड होता म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. लबाडांविषयी लेख लिहावा लागत नाही. चांगल्या विचाराचा माणूस ‘नियमच तसा आहे’ या वाक्याच्या आडोशाला किती सहज उभा राहतो, हे पाहण्यासारखे आहे.

समितीने राज्याच्या दोन सिनेटरांचे मत मागवले. हे दोघे म्हणजे रूफस किंग आणि अ‍ॅरन बर. किंग यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुदत संपली तरी दुसरा माणूस प्रत्यक्ष पद स्वीकारेपर्यंत शेरीफ काम पाहतो, आणि लोक ज्याला शेरीफ मानून व्यवहार करतात त्याची कृत्ये लोकांपुरती वैध धरली पाहिजेत. त्याच्या नेमणुकीतल्या दोषाची शिक्षा त्याला द्या. त्याच्यावर विसंबणाऱ्या मतदाराला नको. जुन्या इंग्रजी कायद्यात या विचाराला भक्कम आधार होता. बर यांनी ऑट्सेगोपुरते उलट मत दिले : न्यूयॉर्कमध्ये शेरीफची मुदत घटनेने ठरवली आहे, इंग्लंडचे दाखले येथे लागू नाहीत, मुदत संपली की माणूस शेरीफ नाही. बर एवढ्यावर थांबले नाहीत. इतर नामांकित वकिलांची अनुकूल मते गोळा करण्याचा खटाटोपही त्यांनी केला. दोघांचे राजकीय कल पाहता कोण काय सांगणार हे आधीच सांगता आले असते. किंग जॉन जे यांच्या पक्षाचे. बर तेव्हा त्या पक्षाच्या विरोधकांकडे सरकत होते. तेव्हा किंग यांनाही निःस्पृहतेचे प्रशस्तिपत्र द्यायला मी तयार नाही. परंतु युक्तिवादाचे मोल तो करणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नसते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको.

तर या दोन वाचनांकडे वाचने म्हणून पाहू. समितीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते, की त्यांनी अक्षर पाळले. विरोधकांनी मात्र अक्षराऐवजी ‘भावना’ पुढे केली. ही मांडणी मला साफ अमान्य आहे. अक्षरच पाहायचे असेल तर सगळे पाहा. त्याच घटनेच्या सहाव्या कलमात चिठ्ठीने मतदान करण्याचा प्रयोग का करायचा याचे कारण दिलेले आहे : तोंडी मतदानापेक्षा चिठ्ठीने लोकांचे स्वातंत्र्य आणि समान मोकळीक अधिक चांगली जपली जाईल, असे पुष्कळ सुजाण नागरिकांचे मत आहे, म्हणून. हे कुणा भाष्यकाराने बाहेरून आणलेले तात्पर्य नव्हे. ते संहितेतच, मुख्य मजकुरात, लिहिलेले आहे. म्हणजे संहिता स्वतःच सांगते की चिठ्ठी कशासाठी आहे आणि (ओघानेच) पेटी, सील, शेरीफ हे सारे कशासाठी आहे. शेरीफची योजना चिठ्ठीच्या रक्षणासाठी होती. समितीने शेरीफविषयीचे वाक्य वाचले आणि चिठ्ठीविषयीचे वाक्य वाचले नाही. याला अक्षरनिष्ठा म्हणत नाहीत. आपल्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने कवितेच्या एका ओळीवर बोट ठेवून तिच्या वरची ओळ हाताखाली झाकली, तर आपण त्याला ‘काटेकोर वाचक’ म्हणतो काय?

आणि मुदतीचा प्रश्न. स्मिथची मुदत फेब्रुवारीत संपली आणि दुसरा माणूस मार्चअखेरीस नेमला गेला, या मधल्या पोकळीला जबाबदार कोण? शेरीफ नेमण्याचा अधिकार होता ‘कौन्सिल ऑफ अपॉइंटमेंट’ नावाच्या मंडळाकडे. त्यात चार सिनेटर, आणि अध्यक्षस्थानी गव्हर्नर. गव्हर्नर म्हणजे जॉर्ज क्लिंटन. हा कट होता असे माझे म्हणणे नाही. आळस, बर्फाने अडलेले टपाल, कामाचा पसारा, काहीही असू शकेल. परंतु नेमणुकीला उशीर करणारी सत्ता आणि त्या उशिराचा फायदा घेणारा उमेदवार ही एकच व्यक्ती असेल, तर उशिराची किंमत मतदाराने चुकवावी हा न्याय ‘तांत्रिक’ कसा? ऑट्सेगोच्या शेतकऱ्याने काय करायचे होते? आपली चिठ्ठी खिशात ठेवून नव्या शेरीफच्या शपथविधीची वाट पाहायची?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ऑट्सेगो म्हणजे न्यायाधीश विल्यम कूपर यांचे संस्थान. कूपर यांनी तिथे प्रचंड जमीन मिळवली, ती तुकड्यातुकड्यांनी वसाहतवाल्यांना उधारीवर विकली, कूपरस्टाउन वसवले, आणि काउंटीच्या दिवाणी न्यायालयाचे पहिले न्यायाधीशही तेच झाले. सावकार, जमीनदार आणि न्यायाधीश एकाच अंगरख्यात. ते जॉन जे यांच्या बाजूने मैदानात उतरले आणि त्यांनी मतदारांना दरडावले, धमकावले, अशा तक्रारी झाल्या. १७९३ मध्ये विधानसभेपुढे त्यांची चौकशी झाली आणि शेवटी तक्रारी फेटाळल्या गेल्या; पण माझ्यापुरते मी मानतो की त्या तक्रारींत बरेच तथ्य होते. ज्याच्याकडे आपली जमीन गहाण आहे तो मतदानाच्या ठिकाणी उभा असताना माणूस किती मोकळेपणाने चिठ्ठी टाकतो, हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. शेरीफ स्मिथही कूपर यांच्याच वर्तुळातला. तेव्हा क्लिंटनवादी म्हणत : ही मते लोकांची नव्हतीच, ती कूपरची होती, ती बाद झाली यात अन्याय कसला?

युक्तिवाद आकर्षक आहे, आणि त्यात वर्गीय न्यायाचा सूर असल्यामुळे आपल्याकडच्या पुरोगामी वाचकाला तो चटकन पटतोही. पण तो समितीच्या तोंडी शोभत नाही. कारण समितीने हे कारण दिलेच नाही. धाकदपटशा झाला असे तुमचे म्हणणे असेल तर तसे म्हणा, साक्षी काढा, कोणत्या गावात काय झाले ते तपासा. समितीने त्यांतले काही केले नाही; तिने शेरीफच्या तारखा मोजल्या. दिलेले कारण एक आणि मनातले कारण दुसरे, आणि टीका झाली की मनातले कारण पुढे करायचे, ही सोय फार जुनी आहे. दिलेले कारण टिकत नाही असे दिसले की ‘पण ती मते तशीही भ्रष्टच होती’. आणि भ्रष्टतेचा पुरावा मागितला की ‘पण नियम तर नियमच’. दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहणे याहून वेगळे काय असते?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऑट्सेगोच्या पेटीत क्लिंटन यांनाही मते होती. कूपरच्या डोळ्यांदेखत, त्याच्या कर्जाचा बोजा डोक्यावर असताना, ज्या शेतकऱ्याने क्लिंटन यांच्या नावाची चिठ्ठी टाकली, त्याचे धाडस त्या अख्ख्या निवडणुकीत सर्वांत मोठे होते असे मला वाटते. चिठ्ठीची पद्धत खास त्याच्यासाठीच तर होती. त्याच्या नेत्याच्या माणसांनी त्याचे मतही इतरांबरोबर फेकून दिले. त्याच्याविषयी कुठल्याही बाजूने कधी कुणी हळहळ व्यक्त केल्याचे माझ्या वाचनात नाही. दोन्ही पक्षांना तो निरुपयोगी होता.

आणि मग त्या चिठ्ठ्या जाळण्यात आल्या. मोजणीनंतर चिठ्ठ्या नष्ट कराव्यात असा नियम होता, आणि समितीचा निर्णय अंतिम होता. म्हणून हेही ‘नियमाप्रमाणेच’. मात्र मोजलेली चिठ्ठी जाळणे आणि न मोजलेली चिठ्ठी जाळणे यांतला फरक इतका उघड आहे की तो समजावून सांगताना संकोच वाटतो. मोजलेली चिठ्ठी जळाली तरी तिचा अर्थ आकड्यात उरतो. न मोजलेली जळाली की काहीच उरत नाही. ऑट्सेगोत नेमके काय घडले हे आता कोणालाच सांगता येणार नाही; अंदाज तेवढे शिल्लक. १७९२-९३ च्या अधिवेशनात विधानसभेने या प्रकरणाचा ऊहापोह केला आणि समितीला निर्दोष ठरवले, पण तोवर तपासायला राहिले होते काय?

दुसरा एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो घेतल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक होईल. १७९० च्या खानेसुमारीत न्यूयॉर्कची लोकसंख्या सुमारे ३,४०,००० होती. मोजली गेलेली मते १६,७७२. स्त्रिया नाहीत, भूमिहीन नाहीत, कुळे नाहीत. आणि राज्यात एकवीस हजारांहून अधिक गुलाम होते. ज्या निवडणुकीत बहुतेक माणसांना प्रवेशच नव्हता, तिच्यातल्या शेकडो चिठ्ठ्यांसाठी एवढे रक्त का आटवायचे? या प्रश्नाला माझे उत्तर असे, की ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांच्या दृष्टीनेही हा निकाल पोकळ नव्हता. जॉन जे हे गुलाममुक्तीसाठी १७८५ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष. ते स्वतः गुलाम बाळगून होते, हेही त्याच दमात सांगायला हवे. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध याच कारणाने प्रचार झाला. विशेषतः डच शेतकऱ्यांच्या काउंट्यांत, की हा माणूस निवडून आला तर तुमचे गुलाम काढून घेईल. पुढे १७९५ मध्ये ते गव्हर्नर झाले, आणि १७९९ मध्ये क्रमाक्रमाने गुलामी संपवणाऱ्या कायद्यावर त्यांची सही झाली. तो कायदाही कंजूषच : ४ जुलै १७९९ नंतर जन्मलेली मुले स्वतंत्र, परंतु मुलग्यांनी अठ्ठाविसाव्या आणि मुलींनी पंचविसाव्या वर्षापर्यंत मालकाची चाकरी करायची. राज्यातली गुलामी पूर्णतः संपायला १८२७ साल उजाडले. १७९२ मध्ये जॉन जे निवडून आले असते तर हा कायदा लवकर झाला असता असे मी म्हणत नाही. विधिमंडळ तयार नव्हते. परंतु निवडणूक कशाविषयी होती, हे मताधिकार नसलेल्या माणसांनाही चांगले समजत असणार.

निकालानंतर न्यूयॉर्क पेटण्याच्या बेतात होते. सभा झाल्या, ठराव झाले, समितीवर चोरीचे आरोप झाले. जॉन जे न्यायालयीन दौऱ्यावरून परतत असताना गावोगाव त्यांचे ‘खरे गव्हर्नर’ म्हणून स्वागत झाले. काहींनी अधिवेशन बोलावून निकालच उलथवण्याची भाषा केली. क्लिंटन यांचा ज्यांच्याइतका द्वेष क्वचितच कुणी केला असेल, त्या हॅमिल्टन यांनी मात्र आपल्या लोकांना आवरले. कायदेशीररीत्या जाहीर झालेला निकाल जमावाच्या जोरावर फिरवण्याचा पायंडा त्यांना परवडणारा वाटला नाही. जॉन जे दौऱ्यावर असतानाच त्यांना बातमी कळली. १८ जूनला त्यांनी पत्नीला लिहिले, की थोड्याच वर्षांत आपण सारे मातीला मिळू, आणि तेव्हा राज्यावर अधिकार चालवला यापेक्षा मी स्वतःवर अधिकार चालवला हे अधिक महत्त्वाचे ठरेल. पत्र सुंदर आहे. तरी चरित्रकार ते ज्या भक्तिभावाने उद्धृत करतात त्याचा मला थोडा कंटाळा येतो. पद गमावलेल्या माणसाचे धीरोदात्त उद्गार वाचून आपण हेलावतो आणि मत गमावलेल्या माणसांना विसरतो. संयम दाखवण्याचा अधिकार जॉन जे यांना होता. ऑट्सेगोच्या शेतकऱ्याच्या वतीने संयम दाखवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता?

मात्र आठ वर्षांनंतरची एक गोष्ट या पत्रापेक्षा मला कितीतरी अधिक बोलकी वाटते. १८०० च्या वसंतात न्यूयॉर्कच्या विधिमंडळाची निवडणूक जेफर्सन यांच्या पक्षाने जिंकली. राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी विधिमंडळच नेमत असल्यामुळे जेफर्सन यांचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना लिहिले : जुन्या विधिमंडळाची मुदत अजून संपलेली नाही, ते तातडीने बोलवा आणि नियमच बदलून टाका. कायद्याच्या अक्षरात हे बसत होते. १७९२ मध्ये ज्यांनी जमावाला आवरले तेच हे हॅमिल्टन! जॉन जे यांनी त्या पत्राच्या पाठीवर टिपण केले, की पक्षीय हेतूंसाठी सुचवलेला हा उपाय अंगीकारणे मला शोभणार नाही. विधिमंडळ बोलावले नाही. अक्षराची पळवाट उपलब्ध होती, तिचा फायदा आपल्याच पक्षाला होता, आणि ती वापरली नाही. ‘नियमात बसत होते म्हणून आमचा नाइलाज होता’ असे १७९२ च्या समितीविषयी जे म्हणतात, त्यांनी हे टिपण वाचावे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे, म्हणजे वाङ्मयाकडे. न्यायाधीश विल्यम कूपर यांचा सर्वांत धाकटा मुलगा त्या निवडणुकीच्या वेळी अडीच वर्षांचा होता. त्याचे नाव जेम्स फेनिमोर कूपर. त्याच्या ‘द स्पाय’ (१८२१) या कादंबरीचे बीज त्याला जॉन जे यांनी सांगितलेल्या एका आठवणीतून मिळाले. आणि ‘द पायोनिअर्स’ (१८२३) मध्ये त्याने कूपरस्टाउनलाच ‘टेंपलटन’ केले आणि वडिलांना ‘न्यायाधीश मार्मड्यूक टेंपल’. कथा सुरू होते १७९३ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे त्या निवडणुकीनंतर अवघ्या वीस महिन्यांनी. अ‍ॅलन टेलर या इतिहासकाराने वडिलांची कागदपत्रे आणि मुलाची कादंबरी शेजारी ठेवून ‘विल्यम कूपर्स टाउन’ (१९९५) हा ग्रंथ लिहिला; त्याला १९९६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकन साहित्य शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी तो वाचला असेलच अशी आशा आहे.

आशा म्हणण्याचे कारण असे, की ही कादंबरी अजूनही ‘निसर्ग विरुद्ध संस्कृती’ या एका तयार साच्यात घालून शिकवली जाते. म्हातारा शिकारी नॅटी बंपो बंदीच्या काळात हरीण मारतो, झडतीला आलेल्या माणसांना अडवतो, आणि ज्या न्यायाधीशाच्या मुलीचे प्राण त्याने वाचवले तोच न्यायाधीश कायद्याचे अक्षर पाळून त्याला खोड्यात अडकवण्याची, दंडाची आणि तुरुंगाची शिक्षा देतो. विद्यार्थी लिहितात : अरण्याचा कायदा आणि माणसाचा कायदा यांचा संघर्ष. चूक नाही. पण टेंपलटनमधला कायदा कुठून येतो, कोणाच्या हातून येतो, याकडे बोट दाखवणारे एक छोटे प्रकरण त्याच कादंबरीत आहे आणि ते बहुधा ‘विनोदी भाग’ म्हणून वगळले जाते. न्यायाधीशाचा बढाईखोर चुलतभाऊ रिचर्ड जोन्स याला नाताळची भेट मिळते. भेट म्हणजे काउंटीच्या शेरीफपदाचे नेमणूकपत्र. ते न्यायाधीशाने आपल्या वजनाने मिळवलेले असते, आणि घरातल्या घरात, हसतखेळत, त्याच्या हाती पडते. रिचर्ड हरखून जातो आणि लगेच काउंटीच्या सुधारणेचे बेत आखू लागतो.

ज्या काउंटीतल्या शेकडो लोकांची मते शेरीफच्या नेमणूकपत्रापायी राख झाली, त्याच काउंटीची ही कथा. न्यायाधीशाच्या मुलाने निवडणुकीचा एक शब्दही न काढता नेमणूकपत्र तेवढे ठेवले, आणि ते भेटवस्तूंच्या ढिगात ठेवले. पुढल्या सत्रात हे प्रकरण वर्गात वाचून घ्यावे, आणि त्यासोबत १७७७ च्या घटनेचे सहावे कलमही फळ्यावर लिहावे.